मिनिटाला एकशेबत्तीस

१२ जानेवारी

धाकट्या,

देव तुला सुखात ठेवो आणि तुझ्या ढोलाच्या चामड्याला ओल न लागो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे म्हणून नाक मुरडू नकोस. डिसेंबर संपला, पण त्याची पाठ कोरीच होती. फोन केला नाही, कारण फोनवर तुझ्यामागे तुमच्या बँडचा ट्रम्पेट असतो आणि माझ्यामागे तुझे भावोजी, आणि ही गोष्ट यांच्या कानावर इतक्यात जायला नको आहे.

मी शर्यतीत नाव घातलंय. धावायच्या. बस आधी खाली, मग पुढचं वाच.

सत्तावीस एप्रिलला आमच्या गावात संगीत-दौड आहे. पाच किलोमीटर, आणि दर वळणावर एकेक वाद्यवृंद उभा. ज्या दवाखान्यात मागच्या मार्चमध्ये माझ्या हृदयाची झडप बदलली, त्याच दवाखान्याच्या फळ्यावर त्याचा कागद लागला होता. मी तो तीनदा वाचला. आत डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनी मला चालत्या पट्ट्यावर चढवलं, अंगाला तारा लावल्या आणि पंचवीस मिनिटांनी म्हणाल्या, "आजी, पळा. पण नाडी एकशेदहाच्या वर जाऊ द्यायची नाही. गेली की चालायचं." मी म्हटलं, "आजी कोणाला म्हणता, अजून नातवंड नाही मला." त्या हसल्या, मीही हसले, आणि टाके जिथे होते तिथे दुखलं नाही.

आता माझी अडचण. रेडिओवर जरा जलद गाणं लागलं की पाय गाण्यामागे जातात आणि नाडी पायांमागे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मोजून काढलंय, मिनिटाला एकशेबत्तीस पावलं टाकली तर नाडी एकशेपाचाच्या आसपास राहते. तर तू मला एकशेबत्तीसच्या चालीत तासभर वाजवून दे. लेकीने तिचं जुनं गाण्याचं यंत्र दिलंय, बोटाएवढं आहे, त्यात कार्ड बसतं. ते कानात घालून मी सरावही करीन आणि शर्यतही. वेळ पन्नास मिनिटं. त्याच हिशेबाने मागून गाडी येते आणि तिच्या मागे पडणाऱ्यांना गोळा करून नेते. मला गाडीत बसायचं नाही. वर्षभर मला सगळ्यांनी गाडीत बसवून, उचलून, हात धरूनच नेलंय.

यांना सांगितलंय की सकाळी प्रार्थनेला जाते. खोटं नाही ते. पळताना देवाचं नाव घेतेच.

तुझी ताई


२१ जानेवारी

ताई,

पाया पडतो. ते पाय आता पळणार आहेत म्हणे.

पत्र वाचून मी खाली बसलो, कारण तू सांगितलंस, आणि मग उठलोच नाही बराच वेळ. आमचा क्लॅरिनेटवाला म्हणाला, "मास्तर, कोण गेलं?" म्हटलं, "गेलं नाही, पण निघालंय."

ताई, एक विचारू का? चालणं काय वाईट आहे? चालतानाही देवाचं नाव घेता येतं. तू सत्तावन्नाची. छातीत कापलेली. मी आपलं विचारलं, तुझं ठरलं की ठरलं हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझी पाटी तू फोडली होतीस, मी शुद्धलेखन लिहीत नव्हतो म्हणून.

सोबत कार्ड आहे. ढोल मी, वर क्लॅरिनेट, मधे कुठे ट्रम्पेट घुसलाय त्याकडे लक्ष देऊ नकोस. एकशेबत्तीस, तासभर. पाऊल ढोलावर टाक, पुढे जाऊ नकोस. दम लागला तर थांब. पायरीवर बस. पाणी पी. थांब.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा हात सोन्याचा आहे. वीस दिवस तुझ्या ढोलावर पळते आहे. शाळेच्या मैदानाला चारशे मीटरची गोल वाट आहे, तिच्या साडेबारा फेऱ्या. पहिल्या दिवशी तीन झाल्या, आता पूर्ण होतात. आणि ऐक, नाडी फक्त शहाण्णव. बाईंनी एकशेपाच सांगितली होती. मी मनात म्हटलं, देवाने नवी झडप भारीतली बसवलेली दिसते.

मैदानात एक निवृत्त हवालदार येतात, ते उलटे चालतात, गुडघ्यांसाठी. रोज माझ्याकडे तोंड करून माझ्यापुढे चालतात, म्हणून आमची ओळख झाली. म्हणतात, "बाई, तुमच्या कानात काय वाजतं ते मला ऐकू येत नाही, पण तुमच्या पायात दिसतं."

एकच काटा आहे. वेळ. त्रेपन्न मिनिटं लागतात. चौदा वेळा मोजली, त्रेपन्नच्या खाली येत नाही. पाऊल लांब टाकायला गेले तर ढोल चुकतो. ढोलाच्या पुढे पळायचं तर डॉक्टरीणबाईंनी मार्चमधली तपासणी होईपर्यंत मनाई केली आहे, आणि एकदा शब्द दिला की दिला. व्यायामाच्या बाईंच्या हिशेबाने एकशेबत्तीसला सत्तेचाळीस व्हायला हवीत. मग माझेच पाय आखूड पडत असणार. आई म्हणायची ना, ही मुलगी देवाने घाईत केली, पायांपर्यंत येईतो माती संपली.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

त्रेपन्न मिनिटं पुष्कळ झाली. ज्या बाईला मागच्या वर्षी कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची, ती साडेबारा फेऱ्या मारते, आता आणखी काय हवं? शर्यत काय, लोकांना दाखवायला असते. तुला कोणाला दाखवायचंय?

एक बातमी मीही लपवली होती. त्या दौडीच्या लोकांना मी पत्र घातलं होतं आणि चौथ्या किलोमीटरचं वळण आमच्या बँडला मिळालं. तेव्हा सत्तावीसला मी तिथे आहेच. तू असं कर, माझ्याजवळ खुर्ची टाकून बस. सावलीत. लोक पळतील, आपण बघू. पाय आखूड असण्यात काही पाप नाही.

तुझा धाकटा


२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. बरोबर आहे तुझं. काल पुन्हा त्रेपन्न. नंबराचं कापड आलंय, आठशे एकोणीस, ते परत करीन म्हणते. हवालदारांना सांगितलं तर ते चालायचे थांबले आणि मी त्यांच्यावर आदळले. खुर्ची नको आणूस, मी उभीच राहीन.

ताई


५ मार्च

लबाडा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. कॅलेंडर संपलं, हे दुधाच्या बिलाच्या पाठीवर.

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. पळणं बंद केलं तरी कानात तुझा ढोल लावला होता, सवय झाली म्हणून. एका कानात ढोल. दुसरा कान मोकळा, कारण कुकर लावला होता. ओट्यावर आपल्या आईचं घड्याळ आहे, ते बहिऱ्यालाही ऐकू येईल इतकं ठणठण वाजतं. आणि माझ्या लक्षात आलं की एका कानातला ढोल आणि दुसऱ्या कानातलं घड्याळ यांचं लग्न लागलंय. दर टिकटिकीला दोन ठोके. नेमके दोन. शिट्ट्या झाल्या, भाजी करपली, मी चाकू हातात धरून उभी. एकदाही चुकलं नाही.

साठ दुणे एकशेवीस. मी मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण दोनचा पाढा त्याच्या आधी येतो.

महिनाभर मी माझ्या पायांना नावं ठेवली. मेलेल्या आईची साक्ष काढली. आणि तू पायांत पाप नाही म्हणून मला समजावत होतास. तुझं माप तपासायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चूक झाली असेल म्हणावं, तर वीस माणसांच्या बँडला तू नुसत्या भुवईने चाल देतोस. बारा ठोके तुझ्या हातून सांडत नाहीत. तू ते काढून ठेवलेस.

का?

कापड परत केलेलं नाही.

ताई


१४ मार्च

ताई,

चोरी केली आणि तीही घड्याळाच्या तालात. क्लॅरिनेटवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मास्तर, एकशेअठरा तरी करायचं, पकडले गेला नसता." पण एकशेवीस ही आमची रोजची चाल, हात तिथेच पडतो.

तू का विचारलंस. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

बाबा गेले त्या दिवशी शाळेची मिरवणूक होती आणि पहिल्यांदाच पुढचा ढोल माझ्याकडे होता. मी चौदाचा. बाबा कामाच्या कपड्यांतच आले आणि रस्त्याच्या कडेने माझ्याबरोबर चालायला लागले. पाऊल माझ्या ढोलावर टाकत होते, मला दिसत होतं. हसत होते. मला चेव आला. ड्रिलमास्तर पार मागे होते, अडवायला कोणी नव्हतं, म्हणून मी चाल वाढवली. बाबांनीही वाढवली. मी आणखी वाढवली. शाळेच्या फाटकाशी ते कट्ट्यावर बसले, मला हात केला, आणि आम्ही आत गेलो. बाहेर आलो तेव्हा गर्दी होती.

तुम्ही सगळे म्हणत होता, बसल्या बसल्या गेले, पुण्यवान. बसले कशाने ते मला माहीत होतं. तेव्हापासून मी हजारो लोकांना नाचवलं, पण घरच्या माणसाने माझ्या ढोलावर पाऊल टाकलं की माझा हात आपोआप मागे येतो. तुझ्या लेकीच्या लग्नातही वाजवलं नाही, आठवतं? ताप आहे म्हणालो होतो.

सोबत दुसरं कार्ड आहे. एकशेबत्तीस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, घड्याळ लावून मोज.

धाकटा


२३ मार्च

बाळा,

अडतीस वर्षं एवढं पोटात ठेवून तू जेवलास कसा?

आता माझं ऐक. बाबा त्या दिवशी आजारी पडले नव्हते. त्याआधी वर्षभर ते आपल्या जिन्यात दोनदा थांबायचे, आणि खिसे चाचपायचे, किल्ली शोधल्यासारखे. किल्ली आईकडे असायची. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं होतं की हृदयात भलताच आवाज येतो, मोठ्या शहरात जा. मी त्यांच्याबरोबर होते. एकोणीस वर्षांची. घरी येताना म्हणाले, "धाकट्याला बोलू नकोस, त्याची ढोलाची निवड आहे." आई म्हणाली होती, मिरवणुकीला जाऊ नका. ते म्हणाले, "पोरगा पुढे वाजवणार आणि मी खिडकीतून बघू?" तू चाल वाढवली नसतीस तरी ते चाललेच असते. त्यांना चालायचं होतं.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, लहान आहे, कशाला. मग तू मोठा झालास आणि विषय निघाला नाही. तू बारा ठोके चोरलेस, मी अडतीस वर्षं. कोणाचं माप मोठं ते देव बघेल.

नवं कार्ड घड्याळ लावून तीन वेळा मोजलं. एकशेबत्तीस. तपासणी झाली, नाडी एकशेचार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच चालीने जा. काल अठ्ठेचाळीस मिनिटं.

आणखी एक. यांना कळलं. प्रार्थनेला जाणारी बाई बूट का घालते, असा त्यांना प्रश्न पडला होता, महिनाभर पडून होता. परवा मैदानात वळून बघते तर मागे सायकलवर हे. मी थांबले. म्हणाले, "थांबू नकोस, नाडी बिघडेल." मी म्हटलं, "रागावला नाहीत?" म्हणाले, "रागावलोय. घरी गेल्यावर रागवीन. आत्ता पळ." आता रोज सायकलवरून पाणी घेऊन मागे येतात. हवालदार उलटे, मी सुलटी, हे सायकलवर. शाळेची मुलं फाटकाला लटकून बघतात.

सत्तावीसला चौथ्या वळणावर कार्डातला नको, खरा ढोल हवा. तिथे पोचले की मी कानातलं काढणार आहे. समोर मी कशीही दिसले तरी चाल हलवायची नाही. शब्द दे.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र घेऊन सराव-खोलीच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. किल्ली शोधताना मी त्यांना कितीदा बघितलं होतं. मला वाटायचं, बाबा विसरभोळे आहेत.

क्लॅरिनेटवाला आला, शेजारी बसला आणि त्याने अख्खं एक गाणं बेसूर वाजवलं, मी हसेपर्यंत.

शब्द दिला.

धाकटा


२७ एप्रिल, ट्रकमध्ये

ताई,

अक्षर लागत नसेल तर रस्त्याला दोष दे. दौड संपायच्या आतच आम्हाला निघावं लागलं, संध्याकाळी दीडशे किलोमीटरवर लग्न आहे. भावोजींना फोन लावतोय, लागत नाही. त्यांचा एकच निरोप आला, "पोचली." दोन शब्द जास्त लिहिले असते तर त्यांचं काय गेलं असतं? पोचली कशी? पायांनी की गाडीने?

झालं ते सांगतो. तू वळणावर दिसलीस. पिवळा सदरा, आठशे एकोणीस. तू चालत होतीस, ताई. पळत नव्हतीस. हात कमरेवर, तोंड लाल, आणि तुझ्यामागे शंभर पावलांवर ती गाडी. माझा उजवा हात जड झाला. आतून सगळं म्हणत होतं, उतरव, उतरव, तिला दम खाऊ दे. क्लॅरिनेटवाला माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं माहीत आहे. डोळे उघडे ठेवले असते तर मी चाल सोडली असती. म्हणून मिटले. मिटले आणि मोजत राहिलो, चारचार, चारचार. शंभर झाले, दोनशे झाले. उघडले तर तू नव्हतीस. गाडीही पुढे गेली होती.

क्लॅरिनेटवाल्याला विचारलं, "गेली का?" तो नुसता हसतो आणि म्हणतो, "मास्तर, पत्रातून कळेल. माझ्या तोंडून कशाला?" असा चावट मनुष्य मी वीस वर्षं पोसलाय.

मी चाल हलवली नाही. पण तुला बसवली का त्यांनी गाडीत, ते लवकर लिही. लग्नात वाजवायचंय.

धाकटा


१ मे

धाकट्या,

नवी कोरी वही आणली आहे या पत्रासाठी. यांनी किंमत बघितली आणि पेनही आणून दिलं.

तू डोळे मिटून घेतलेस, म्हणून मला आता सगळं लिहावं लागतंय.

साडेतीन किलोमीटरवर कॉलेजच्या मुलांचा बँड होता. कानात तुझं कार्ड होतं, तरी त्यांचा ढोल पोटात शिरला. आजूबाजूचे सगळे सुसाट सुटले आणि माझे पायही. हातावरच्या घड्याळात बघितलं तर एकशेबारा. शब्द दिला होता, म्हणून चालायला लागले. मला दम लागला नव्हता रे. कमरेवर हात होता तो सदरा वर सरकत होता म्हणून, लेकीने दोन मापं मोठा आणलाय. तोंड माझं उन्हाने असंच होतं. गाडी मागे आली तेव्हा तिचा चालक खिडकीतून म्हणाला, "मावशी, या आत, पंखा आहे." मी म्हटलं, "तुझ्या पंख्याला देव सुखी ठेवो, तू मागेच राहा."

नाडी एकशेतीनवर आली आणि वळण आलं. तुम्ही दिसायच्या आधी मी कानातलं काढलं. तुझा ढोल आला. उजवं पाऊल आपोआप त्याच्यावर पडलं, मग डावं. मी पळायला लागले. तू डोळे मिटलेस ते नेमके तेव्हा.

तुझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. तुझी टोपी मागे सरकली होती. ओठ हलत होते. तुझा क्लॅरिनेटवाला वाजवता वाजवता रडत होता, म्हणून त्याला काही सांगता आलं नसेल, त्याला बोलू नकोस. ट्रम्पेटवाल्याने मला सलाम ठोकला आणि त्याचा सूर गेला. मला तुला हाक मारायची होती. तोंडात आलीही होती. पण मोजणाऱ्या माणसाला हाक मारू नये, आकडा चुकतो. म्हणून कडेने गेले, बाबा चालले होते तशी, तुझ्या डाव्या हाताला. चाळीस पावलं तरी आपण बरोबर होतो.

तुझी चाल हलली नाही. मी वाट बघत होते, हलते का. नाही हलली.

पुढे हे सायकल धरून उभे होते. यांना आत सोडलं नाही, म्हणून कुंपणाच्या पलीकडून माझ्याबरोबर धावायला लागले, सायकलीसकट. शेवटच्या रेषेवर एकोणपन्नास मिनिटं वीस सेकंद. नाडी एकशेसात. डॉक्टरीणबाई तिथे होत्या, त्यांनी मिठी मारली आणि मग माझ्या पाठीला नळी लावून ऐकलं, तिथेच रस्त्यात. यांनी तुला दोन शब्द जास्त का लिहिले नाहीत, तर चष्मा ओला झाला होता आणि पुसायला रुमाल माझ्याकडे होता.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. तुझ्या वळणानंतर ढोल बराच वेळ मागून ऐकू येत होता. मग रस्ता उजवीकडे वळला, उंच इमारती आल्या आणि तो थांबला. पुढे वाद्य नव्हतं, माणसंही नव्हती, कानातलं खिशात होतं. नुसता माझ्या बुटांचा आवाज. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी तो मोजला, पूर्ण एक मिनिट.

एकशेबत्तीस भरला.

तुझी ताई